उजेडात हरवलेली होडी

रत्नागिरीत माझी ओळख ‘बायकांच्या बाजूची फोटोवाली’ अशी आहे. स्टुडिओच्या पाटीवर माझं नाव वसुधा असं लिहिलेलं आहे, पण ते सहसा कुणी वाचत नाही. किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांत लग्न असलं की पुरुषांचा मांडव वेगळा आणि बायकांचा वेगळा. बायकांच्या मांडवात पुरुष फोटोग्राफर चालत नाही. मी धंद्यात आले तेव्हा जिल्ह्यात कॅमेरा धरणारी बाई शोधून सापडत नव्हती, त्यामुळे ती सगळी कामं आपोआप माझ्याकडे आली. वधूचे मेंदीचे हात, हिरवं कुडतं घातलेल्या मावश्या, जेवणाच्या पंगतीत रुसून बसलेली नणंद, यांवर माझं घर चाललं. दाभोळपासून खाली जयगडपर्यंत कुठल्या घरात कोणत्या मुलीला डाव्या बाजूनं फोटो काढलेला आवडतो हे मला पाठ होतं.

मग फोन आले. प्रत्येकीच्या हातात कॅमेरा आला आणि माझी कामं निम्म्यावर आली. त्याच सुमारास किनाऱ्याच्या रस्त्यानं रिसॉर्ट उभी राहायला लागली आणि प्रत्येकाला वेबसाइटसाठी फोटो हवे होते. मी म्हटलं, माणसं नाहीत तर खोल्या. खोली निदान डोळे मिटत नाही.

पहिल्याच खोलीनं मला रडवलं. खोलीत पलंग, पलंगासमोर मोठी काच आणि काचेपलीकडे आरे-वारेचा समुद्र. मालकाला एकाच फोटोत दोन्ही हवं होतं. पलंग नीट दिसेल असा फोटो घेतला की काच पांढरीफटक, समुद्र गायब. समुद्र दिसेल असा घेतला की खोलीची गुहा झाली. आपला डोळा हुशार असतो. काचेकडे बघताना तो बारीक होतो, पलंगाकडे वळला की मोठा होतो, आणि आपल्याला वाटतं की दोन्ही एकदमच दिसलं. कॅमेऱ्याला ते जमत नाही. त्याला एका वेळी एकच काहीतरी धड दिसतं.

यावर उपाय म्हणजे एचडीआर. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवायचा आणि जागचा न हलवता एकामागून एक तीन फोटो घ्यायचे. एक अंधारा, एक मधला, एक उजळ. अंधाऱ्या फोटोत खिडकीबाहेरचं ऊन नीट उतरतं, उजळ फोटोत पलंगाखालच्या चपलासुद्धा दिसतात. मग तिन्ही एकमेकांवर बसवून चौथा फोटो तयार करायचा. माझ्या कॅमेऱ्यात हे जुळवायचं काम आतल्या आतच होत असे. मूळ तीन फोटो पुसून टाकायची सोयही होती, पण मी ते ठेवत असे. शिकणाऱ्याला आपल्या चुका बघायला लागतात.

शिकले मी घरच्या स्वयंपाकघरात. ओट्यासमोर खिडकी, खिडकीत दुपारचं ऊन. सुरुवातीचे फोटो इतके भडक आले की आंब्याच्या पेटीवर छापावेत. एकदा मधेच आमचे हे पाणी प्यायला म्हणून ओट्यासमोरून गेले. जुळवलेल्या फोटोत त्यांची तीन डोकी आली, तिन्ही धुरासारखी अर्धवट. फोटो दाखवला तर म्हणाले, “चला, दत्त झालो एकदाचा.” या प्रकाराला आमच्यात भूत म्हणतात. तीन फोटोंच्या दरम्यान जे हलतं त्याचं भूत होतं. ते काढायचीही सोय असते. बटण चालू केलं की कॅमेरा हलणारी वस्तू सरळ पुसून टाकतो आणि फोटो स्वच्छ येतो.

इतकं समजलं की पुढचं कळायला अडचण नाही.

पावसाळा संपून मासेमारी नुकती सुरू झाली होती. दाभोळच्या अलीकडे, खाडीच्या तोंडावरच्या टेकडीवर सुर्वे नावाच्या गृहस्थांनी नवीन रिसॉर्ट बांधलं होतं. जन्म गावातला, नोकरी मुंबईत, निवृत्तीचा सगळा पैसा या टेकडीत घातलेला. त्यांना गच्चीवरून मावळतीचा फोटो हवा होता. पुढे गच्चीवरची चिऱ्याची कमान आणि वेताच्या खुर्च्या, मागे समुद्रात बुडणारा सूर्य. एचडीआरशिवाय न होणारं काम. मी खूश होते.

कॅमेरा लावला तेव्हा सूर्य क्षितिजापासून चार बोटं वर होता. हात लांब करून बोटं आडवी धरायची आणि मोजायचं, एका बोटाला साधारण पाव तास, ही आमची जुनी पद्धत. खाली समुद्र दिसतच नव्हता. टेकडीच्या पायथ्यापासून क्षितिजापर्यंत नुसता वितळलेल्या कथलासारखा झगमगाट. त्याच्याकडे क्षणभर बघितलं तरी डोळ्यांतून पाणी यायचं. मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघूनच काम करत होते.

पहिला संच घेतला. जुळवलेला फोटो सुंदर आला. सुर्वे माझ्या खांद्यावरून बघत होते, म्हणाले, “मॅडम, हाच! हाच टाकायचा पहिल्या पानावर.”

फोटोत उजवीकडे, झगमगाटाच्या ऐन मधे, एक बारीक धुरकट डाग होता. मला वाटलं, काचेवर काहीतरी बसलं. लेन्स पुसली आणि खुर्च्या थोड्या सरकवून दुसरा संच घेतला. डाग होताच. पण कॅमेरा मी हलवला नव्हता, आणि डागाची जागा बदलली होती.

लेन्सवरचा डाग किंवा आतली धूळ जागा बदलत नाही. जे हलतं त्याचं भूत होतं.

मी मूळ फोटो उघडले. उजळ फोटोत त्या जागी नुसतं पांढरं. मधल्या फोटोतही पांढरं. मग अंधारा उघडला. त्यात कमान, खुर्च्या, टेकडी सगळं काळं झालं होतं, फक्त समुद्रावरची चमक तेवढी नीट उतरली होती. त्या चमकेत एक काळी रेघ होती आणि रेघेवर ठिपके. मी मोठं करून बघितलं. मग आणखी मोठं केलं.

“सुर्वे, हे काय आहे बघा.”

त्यांनी चष्मा वर केला. “ओंडका असेल. पावसाळ्यात खाडीतून वाहून आलेले असतात. आता ओहोटी आहे, जातात बाहेर.”

“ओंडक्यावर हे काय बसलंय?”

“पक्षी बसतात की.”

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच पक्षी वाटले, आणि मलाही वाटावेत अशी माझी इच्छा होती. मी मान वर करून समुद्राकडे बघितलं. काही नाही. नुसता उजेड. सुर्व्यांनी पाहुण्यांसाठी ठेवलेली दुर्बीण आणली, डोळ्याला लावली आणि लगेच खाली घेतली. “छे! आंधळा होईन मी.”

लग्नात स्टेजवरचे चेहरे जवळ ओढायची माझी एक लांब लेन्स आहे. ती काढली. लेन्स खाचेत बसेना. बसल्यावर अंदाजानं रोखली आणि एकच फोटो घेतला, जितका अंधारा घेता येईल तितका. पडद्यावर आला तो सगळा काळाच होता. काळ्यावर सोनेरी टिकल्या, आणि टिकल्यांच्या मधे उलटलेल्या होडीची पाठ. पाठीवर दोन माणसं पोटावर पडलेली होती. त्यातल्या एकाचा हात वर होता.

सुर्व्यांनी खिशातून फोन काढून पोलीस ठाण्याला लावला. तिकडच्या माणसानं सगळं नीट विचारून घेतलं, आम्ही निघतो म्हणाला. पण त्यांची बोट होती खूप लांब, आणि अंतर काही कुणाच्या सांगण्यानं कमी होत नाही. सूर्य दोन बोटांवर आला होता.

माझ्या फोनमध्ये टेकडीखालच्या गावातल्या बायकांचे नंबर होते, सगळे लग्नांतून जमलेले. मी झुबेदाभाभींना लावला. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी तीन दिवस त्यांच्या घरी राहिले होते, आणि त्यांच्या मुलाची, इम्तियाजची, मशीनवाली होडी धक्क्याला असते हे मला माहीत होतं.

“भाभी, इम्तियाज कुठं आहे?”

“हाय ना, जाळी शिवतोय. काय झालं ग? आवाज असा का?”

“खाडीच्या तोंडाबाहेर होडी उलटलीय. माणसं आहेत वर. त्याला म्हणावं निघ, आत्ता, आणि फोन चालू ठेव.”

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. फोन तसाच हातात धरून त्या धावल्या असाव्यात, कारण मला त्यांचा श्वास आणि चपलांचा आवाज ऐकू येत होता. मग “इम्तियाऽऽज!” अशी हाक आली, आणि फोन भाभींकडून त्याच्या हातात गेला.

इम्तियाजची होडी खाडीतून बाहेर पडताना मला नुसत्या डोळ्यांनी दिसली. तोंडावरच्या वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटत होत्या, तिथं ती वर उचलली गेली, खाली आपटली आणि पुढे निघाली. तिथून पुढे ती झगमगाटात शिरली आणि मलाही दिसेनाशी झाली.

“ताई,” इम्तियाज ओरडत होता, इंजिनाच्या आवाजात अर्धे शब्द बुडत होते, “काय दिसत नाय! सगळा आरसा झालाय समोर! कुठं जाऊ?”

मग मी फोटो काढायचा आणि त्याला सांगायचं, असं सुरू झालं. वाचायला सोपं वाटतं, पण फोटो काढल्यावर तो पडद्यावर यायचा, मोठा करायचा, सोनेरी टिकल्यांच्या गर्दीत आधी उलटी होडी शोधायची, मग इम्तियाजची, मग दोघींमधलं अंतर बघायचं. तोवर दोघीही हललेल्या असायच्या. सुर्वे स्पीकर लावून फोन माझ्या तोंडाजवळ धरून उभे होते.

“डाव्या हाताला ये. अजून. आता सरळ.”

“ताई, पुढे काय नाय हो!”

“आहे. सरळ जा.”

पुढच्या फोटोत उलटी होडी मला सापडलीच नाही. लाटेआड गेली असेल असं मी स्वतःला सांगितलं आणि परत काढला. नाही. परत काढला. इम्तियाज विचारत होता, “ताई? ताई?” आणि मला काय सांगावं कळेना. चौथ्या फोटोत ती अगदी कडेला दिसली. प्रवाहानं तिला माझ्या अंदाजापेक्षा किती तरी बाहेर नेलं होतं. इम्तियाज तिला मागे टाकून भलतीकडे चालला होता.

“थांब! उजवीकडे वळ. पूर्ण उजवीकडे. तू पुढे गेलायस.”

तेवढ्यात फोन कटला. सुर्वे लावत राहिले. एकदा लागत नाही, एकदा व्यस्त, एकदा कसलंसं संगीत. मी मधे एक फोटो काढला. इम्तियाज वळला होता. त्यानं ऐकलं होतं की आपल्या मनानं वळला, ते आजही मला माहीत नाही. फोन लागला तेव्हा आधी नुसताच गलका ऐकू आला. मग इम्तियाजचा आवाज, “दिसले! दिसले, दिसले!”

सूर्य क्षितिजाला टेकला होता. मी कठड्याला धरून उभी राहिले. खाली वाकून श्वास घेतला. सुर्वे हसायला लागले आणि तसेच रडायलाही लागले.

“घेतले का दोघांना?” मी विचारलं.

“दोघांना घेतलं,” इम्तियाज म्हणाला. “पण ताई, हे म्हणतात तिघं होते. महेश होडी सोडून गेला. पोहत किनाऱ्याकडं निघाला.”

मी लगेच मागचे फोटो उघडले. पहिल्या संचातला अंधारा फोटो. रेघेवर तीन ठिपके. मी तेव्हा मोजले नव्हते. दुसऱ्या संचात रेघेवर दोन, आणि रेघेपासून जरा अलीकडे, दक्षिणेला, एकटा एक. मला तो पाण्यावरचा काळा तुकडा वाटला होता. लांब लेन्स लावली तेव्हा मी रोखली होती होडीवर. तो त्या चौकटीतच नव्हता.

“दक्षिणेला बघ. कातळाच्या बाजूला. तो तिकडं निघालाय.”

“ओहोटी हाय ताई. तिकडं जायला मिळायचं नाय त्याला.”

सूर्य बुडाला. झगमगाट विझला आणि समुद्र पहिल्यांदा समुद्रासारखा दिसायला लागला, राखाडी, मोठा आणि रिकामा. पण उजेडही भराभर चालला होता. अंधारा फोटो आता नुसता काळा येत होता. मग मी उलटं केलं. कॅमेऱ्याला सांगितलं, जितकं उजळ घेता येईल तितकं घे, फोटो खडबडीत आला तरी चालेल. अशा वेळी कॅमेऱ्याला माणसाच्या डोळ्यापेक्षा थोडं जास्त दिसतं. पडद्यावर रवाळ, मळकट समुद्र आला. मी तो कातळाकडून बाहेर, पट्टा पट्टा करून तपासत गेले. फेस. फेस. पक्षी. फेस. निळं काहीतरी.

समुद्रात निळं तसं काही नवल नाही. पण हे औषधाच्या बाटलीसारखं, प्लॅस्टिकचं निळं होतं.

“इम्तियाज, त्यांच्याकडे निळा कॅन होता का?”

पलीकडे कुणाला तरी विचारल्याचा आवाज आला. मग, “होता! डिझेलचा. तो घेऊनच गेला म्हणतात!”

“तुझ्या डाव्या बाजूला मागे. कातळाच्या बाहेरच्या टोकाच्या सरळ रेषेत.”

त्यानंतर मी काही सांगण्यासारखं उरलं नव्हतं. त्या बाजूला पाण्याखाली खडक आहेत, होडी फार जवळ नेता येत नाही, हे सुर्व्यांनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी आम्हाला फक्त ऐकू येत होतं. इंजिन मंद झालं. कुणीतरी “दोरी, दोरी!” म्हणालं. मग “धर! अरे धर की!” मग काहीच नाही. मी कॅमेऱ्यात बघायचं सोडून दिलं होतं. सुर्वे डोळे मिटून फोन आमच्या दोघांच्या मधे धरून होते. खाली स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि मी दचकले.

“भेटला,” इम्तियाज म्हणाला. ओरडला नाही, हळूच म्हणाला. “भेटला ताई. जिता हाय.”

सुर्वे गच्चीच्या फरशीवर बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

सुर्व्यांच्या वेबसाइटसाठी दुसऱ्या एका संध्याकाळी मी पुन्हा फोटो काढले, ते चांगले आले, अजून पहिल्या पानावर आहेत. पण त्या दिवशीचे फोटो घरी संगणकावर उघडल्यावर मी एक करून बघितलं. पहिल्या संचातले तीन फोटो नव्यानं जुळवले आणि भूत काढायचं बटण चालू केलं. समुद्र स्वच्छ झाला. होडी नाही, ठिपके नाहीत, डागसुद्धा नाही. इतका देखणा फोटो मी आयुष्यात काढला नसेल. मी तो पुसून टाकला. तेव्हापासून ते बटण मी कधी चालू करत नाही. गिऱ्हाइकानं डागाबद्दल तक्रार केली तर आधी तो डाग कशाचा आहे ते शोधते, मग पुसते. त्यात वेळ जातो, गिऱ्हाईक वैतागतं, आमचे हेही वैतागतात.

गावात माझं फार कौतुक झालं. झुबेदाभाभींनी डबा भरून सांदणं पाठवली. एका कार्यक्रमात शाल, श्रीफळ मिळालं. पुरुषांच्या मांडवात पहिल्यांदाच माझं नाव घेतलं गेलं, असं इम्तियाज हसत हसत म्हणाला. ते सगळं मला आवडलं, खोटं कशाला बोलू.

महेश मात्र आला नव्हता. तो आला बऱ्याच महिन्यांनी, एका दुपारी, एकटा. पंचविशीतला, रुंद खांद्यांचा, दारात चपला काढून उभा राहिला. नाव सांगितलं तेव्हा मला कळलं. मी बसवलं, चहा सांगितला. तो हातावर हात ठेवून बसला.

“ताई, एक विचारू? राग नाय ना मानणार?”

“विचार की.”

“तुम्ही त्या दिवशी लाल ड्रेस घातला होता.”

“हो. तुला कुणी सांगितलं?”

“सांगितलं नाय. दिसत होता.” तो जमिनीकडे बघत होता. “आमच्या पाठीला सूर्य होता. टेकडीवर सगळं ऊन. एक एक झाड दिसत होतं. ती कमान, खुर्च्या, तुम्ही, ते सुर्वेकाका. आम्ही ओरडत होतो, हात करत होतो. मी शर्ट काढून हलवला. आणि तुम्ही सरळ आमच्याकडंच बघत होता. कॅमेरा आमच्यावर रोखलेला. एक फोटो काढलात आणि मग खुर्च्या सरकवायला लागलात.”

चहा आला, पण त्यानं कपाला हात लावला नाही.

“मला वाटलं, बघतायत, आणि फोटो काढतायत,” तो म्हणाला. “बाकीचे म्हणाले थांब, बघितलंय त्यांनी, कुणीतरी येईल. मी म्हटलं, नाय येत कोण. म्हणून मी होडी सोडली.”

मी उठले आणि संगणक चालू केला. त्याला जवळ बोलावलं. त्या दिवशीच्या पहिल्या संचातला मधला फोटो उघडला, माणसाच्या डोळ्याला जेवढं दिसतं जवळजवळ तेवढंच दाखवणारा. कमान, खुर्च्या, आणि पलीकडे नुसता पांढरा उजेड.

“मला हे दिसत होतं,” मी म्हटलं.

तो वाकला. बोट काचेला न लावता फोटोवरून हळूहळू फिरवत राहिला, डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे. त्या पांढऱ्यात कुठं आपण आहोत का, शोधत होता. बराच वेळ शोधलं त्यानं.

“काहीच नाय,” शेवटी म्हणाला.

“काहीच नाही.”

त्यानं मोठा श्वास सोडला. मग सरळ उभा राहिला आणि म्हणाला, की खरं तर तो पासपोर्टच्या फोटोसाठी आला होता. चुलतभावानं सौदीत दमामला काम बघितलं होतं, समुद्रावरचं नाही, गोदामातलं.

मी त्याला आत नेलं, स्टुलावर बसवलं, दोन्ही दिवे लावले. कॉलर नीट करायला सांगितली. तो लेन्सकडे बघायला लागला, न हलता, सरळ. माझं बोट बटणावर होतं आणि ते दाबलं जाईना.

“दिसतोय ना, ताई?” त्यानं विचारलं.

“दिसतोस,” मी म्हटलं, आणि फोटो काढला.